शेपटीला रोज सांगावं लागतं

एक घाव दोन तुकडे केले की विषय संपला, असं आपण धरून चालतो. प्लॅनेरिया नावाच्या चपट्या कृमीच्या बाबतीत विषय तिथून सुरू होतो. नखाएवढा हा जीव मधोमध आडवा कापला, तर पुढच्या तुकड्याला मागे शेपटी फुटते, मागच्या तुकड्याला पुढे डोकं फुटतं, आणि दोनेक आठवड्यांत दोन धडधाकट कृमी पाण्यात फिरू लागतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात याची आकृती असते. बाण, तुकडे, पुन्हा बाण. त्या आकृतीत सगळं इतकं सरळ दिसतं की त्यातली खरी मेख नजरेतून निसटते.

मेख कापाच्या रेषेवर आहे. पातं फिरण्याच्या क्षणभर आधी त्या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन पेशी एकमेकींना खेटून होत्या. जनुकं तीच, शेजार तोच. पातं मधून गेलं. एक पेशी पुढच्या तुकड्याच्या टोकाला उरली, दुसरी मागच्या. आता पहिलीच्या आसपास शेपटी घडणार आहे आणि दुसरीच्या आसपास मेंदू, डोळे, अख्खं डोकं. दोघींच्या बाबतीत बदललं काय? जखम कोणत्या दिशेला उघडी पडली, एवढंच. या एवढ्याशा फरकातून इतका मोठा निर्णय कसा होतो यावर शंभराहून जास्त वर्षं माणसांनी डोकं खपवलं आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे हाती लागलं, त्याने शरीराकडे बघण्याची माझी सवयच मोडली.

विद्यार्थी असताना हे कृमी मी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिले. तपकिरी, पानासारखा सपाट देह. डोक्यावर दोन डोळे, आणि तेही असे की प्राणी सतत स्वतःच्या नाकाकडे बघतोय असं वाटावं. (नाक नाहीच. पण तो चकणा चेहरा एकदा पाहिला की त्याच्याविषयी तटस्थ राहणं अवघड जातं.) पोटाखालच्या सूक्ष्म रोमांवर तो तरंगल्यासारखा सरकतो, वळवळत नाही. तोंड डोक्यात नसतं, पोटाच्या मध्यावर असतं, आणि खायच्या वेळी तिथून एक पांढरी नळी बाहेर येते. गुदद्वार नाही. रक्तही नाही. त्यामुळे थंड केलेल्या ओल्या कागदावर ठेवून पात्याने कापलं तर काहीही वाहत नाही. कडा मिनिटांत आक्रसतात, जखम जवळजवळ मिटते, आणि मागचा तुकडा बिनडोक्याचा तसाच निघून जातो. दोन-तीन दिवसांनी कापलेल्या जागी फिकट, रंगहीन टोपी दिसू लागते. तिला ब्लास्टेमा म्हणतात. पुढे त्या फिकट टोपीत दोन काळे ठिपके उमटतात. ते दिसले की प्रयोगशाळेत कुणीतरी हमखास सगळ्यांना बोलावतं, मग त्याने ते आधी कितीही वेळा पाहिलेले असोत.

कापलेल्या शेपटीच्या तुकड्यात तोंडच नसतं, म्हणजे नवी नळी तयार होईपर्यंत उपास. तरी डोकं घडतं, कारण तुकडा आपल्याच देहातला ऐवज मोडून वापरतो. जुना भाग आक्रसतो, नवा वाढतो, आणि शेवटी मूळ प्राण्यापेक्षा लहान पण प्रमाणबद्ध कृमी तयार होतो. उपाशी ठेवलेला अखंड कृमीही असाच प्रमाणशीर लहान होत जातो. २० मिलिमीटरचा प्राणी एखाद्या मिलिमीटरवर येऊ शकतो आणि खायला मिळालं की परत वाढतो. डोळे, मेंदू, आतडं, सगळं त्या त्या मापाचं. वय एकाच दिशेने जातं हे आपल्याला इतकं पक्कं ठाऊक असतं की ही गोष्ट ऐकताना थोडा अवघडलेपणा येतो. मला तरी येतो.

या कृमीची ही करामत नोंदवणाऱ्यांत पीटर सायमन पॅलास यांचं नाव आधी येतं, अठराव्या शतकातलं. १८१४ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन ग्रॅहॅम डॅलियल यांनी लिहिलं की सुरीच्या धारेखाली हा प्राणी जवळजवळ अमर म्हणता येईल. पण प्रश्न नेमकेपणाने मांडला तो थॉमस हंट मॉर्गन यांनी. फळमाशीवर काम करून १९३३चं नोबेल मिळवणारे तेच मॉर्गन. त्याआधी, १८९८च्या सुमारास, ते या कृमींचे बारीक बारीक तुकडे करत बसले होते. मूळ शरीराच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही प्राणी उभा राहतो असं त्यांनी नोंदवलं. फार आखूड काप घेतला तर कधी कधी त्याच्या दोन्ही टोकांना डोकी फुटतात, हेही त्यांनी पाहिलं, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं आहे. म्हणजे तुकड्याला आपलं पुढचं टोक कोणतं हे कळायला काहीएक लांबी लागते. त्यावरून शरीरभर पुढून मागे कशाचा तरी उतार असावा, एका टोकाला काहीतरी दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ, असा तर्क निघाला. तो कशाचा, हे शोधायची साधनं त्या काळी नव्हती. मॉर्गन माश्यांकडे वळले. शहाणे होते.

साधनं आली ती विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. १९९९ मध्ये आलेहांद्रो सांचेझ अल्वाराडो आणि फिलिप न्यूमार्क यांनी दाखवलं की दुपदरी आरएनए देऊन प्लॅनेरियातलं हवं ते जनुक गप्प करता येतं. पुढे हे काम इतकं सोपं झालं की तो आरएनए खाण्यात मिसळून द्यायचा. कृमी खातो, जनुकाचा आवाज बंद होतो, मग कापायचं आणि काय उगवतं ते बघायचं. माल कुठून येतो हे तोवर बऱ्यापैकी माहीत होतं. या कृमीच्या पेशींपैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा निओब्लास्ट नावाच्या विभाजनक्षम पेशींचा असतो, आणि देहात विभाजन पावणाऱ्या पेशी त्याच. किरणोत्सर्गाने त्या मारल्या तर पुनर्जनन थांबतं आणि काही आठवड्यांत प्राणी मरतो, कारण त्याच्या रोजच्या झिजेची भरपाईही तिथूनच होते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीजवळच्या व्हाइटहेड संस्थेत पीटर रेडियन यांच्या गटाने अशा मरू घातलेल्या कृमीत दुसऱ्या कृमीची एकच निओब्लास्ट पेशी सोडली. काही प्राणी वाचले, आणि पुढे त्यांच्या देहातल्या सगळ्या पेशी त्या एकीच्याच वंशातल्या झाल्या.

मूलपेशींचं कौतुक फार झालं आहे, त्यामुळे मी त्यावर थांबत नाही. माल असणं वेगळं, आणि कुठे काय करायचं हे ठाऊक असणं वेगळं.

ते कळण्याची किल्ली सापडली २००८ मध्ये, तीन वेगवेगळ्या गटांना, जवळपास एकाच वेळी. पेशी एकमेकींशी बोलतात ते प्रथिनांच्या मार्फत. एक पेशी प्रथिन बाहेर सोडते, दुसरीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर ते पकडतो आणि तिच्या आत घडामोडींची साखळी सुरू होते. अशा बोलीभाषा प्राणिजगतात मोजक्याच आहेत आणि जुन्या आहेत. त्यांतली एक आहे विंट. या प्रथिनाचा निरोप पोहोचला की पेशीच्या आत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साठू लागतं आणि केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करतं. निरोप नसेल तर ते बनतं आणि लगेच मोडलं जातं. प्लॅनेरियाच्या शेपटीकडच्या टोकाला विंटची अनेक जनुकं जागी असतात. अत्तराची बाटली खोलीच्या एका कोपऱ्यात उघडावी आणि तिथून दूर जाताना वास विरळ होत जावा, तसा निरोपाचा जोर मागून पुढे कमी होतो. मॉर्गन यांच्या काळातला उतार तो हाच.

आता बीटा-कॅटेनिनचं जनुक बंद करा आणि कृमी कापा. शेपटीच्या जागी डोकं येतं. दोन तोंडांचे, किंवा अचूक सांगायचं तर दोन डोक्यांचे कृमी. उलट बीटा-कॅटेनिन मोडणाऱ्या यंत्रणेतलं एपीसी हे जनुक बंद केलं तर डोक्याच्या जागी शेपटी येते. एका खटक्याच्या दोन बाजू. हे ऐकून लोक थक्क होतात, आणि व्हायलाच हवं.

मी मात्र अडकून पडलो त्याच संशोधनातल्या दुसऱ्या निरीक्षणापाशी. बीटा-कॅटेनिन बंद केलेल्या काही कृमींना कापलंच नव्हतं. जखम नाही, तुटणं नाही, काही नाही. तरी त्यांची शेपटी हळूहळू डोकं व्हायला लागली. मागे डोळे उगवले, मेंदूची ऊती तयार झाली, काहींच्या तर कडेने चहूबाजूंनी डोकी फुटत गेली. पूर्ण वाढ झालेला, सुखाने सरकणारा प्राणी, आणि एक निरोप थांबला तर त्याची शेपटी शेपटी राहू शकली नाही.

हे मला आजही पचवायला वेळ लागतो. शेपटी एकदा झाली की झाली, असं आपण समजतो. गर्भात अवयव घडले, जन्माला आलो, काम संपलं, आता फक्त वापर आणि झीज. या कृमीच्या बाबतीत शेपटी असणं हे संपलेलं काम नाहीच. जुन्या पेशी मरतात, नव्या येतात, काही आठवड्यांत देहाचा बराचसा ऐवज बदलतो, आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या पेशीला सांगावं लागतं की बाई, तू शेपटीत आहेस. आज सांगितलं, उद्या सांगायचं राहिलं, तर ती डोक्याच्या दिशेने निघते. पुनर्जनन ही त्या प्राण्याची आपत्कालीन शक्ती नव्हे. रोज जे चाललेलंच आहे ते कापल्यावर उघड्यावर येतं, इतकंच.

पण मग कापाच्या रेषेवरच्या त्या दोन पेशी? जखम झाल्यावर काही तासांत विंट-१ हे जनुक दोन्ही जखमांवर जागं होतं, पुढे तोंड करून असलेल्याही आणि मागेही. म्हणजे शेपटी करा, हा निरोप दोन्हीकडे निघतो. २०११ मध्ये क्रिश्चन पीटरसन आणि रेडियन यांनी दाखवलं की फरक नोटम नावाच्या दुसऱ्या जनुकात आहे. त्यापासून बनणारं प्रथिन विंटला निकामी करतं, आणि हे जनुक प्रामुख्याने पुढे तोंड केलेल्या जखमेवरच चेततं. तिथे शेपटीचा निरोप दाबला जातो आणि डोकं घडायला वाट मिळते. नोटम बंद केलं, तर पुढच्या बाजूलाही शेपटी उगवते. दोन शेपट्यांचा, डोकंच नसलेला प्राणी. आणखी एक गंमत अशी की नोटमला चेतवणाराही विंटचाच निरोप. आदेशाच्या पोटातच आदेश रद्द करायची सोय. डोकं हे या हिशेबात शेपटीच्या नकारातून येतं, हे वाचून एखादा तत्त्वज्ञ खूश होईल. मी आपला जीवशास्त्रापुरताच खूश झालो.

हे निरोप देतं कोण, याचं उत्तर कुणाला सुचलं नसतं. मेंदू नव्हे, मज्जातंतूही नव्हेत. स्नायू. २०१३ मध्ये दिसून आलं की शरीरातला पत्ता सांगणारी ही जनुकं, म्हणजे पुढे-मागे, वर-खाली, मध्य-कडा ठरवणारी, मुख्यतः त्वचेखालच्या स्नायूपेशींत चालू असतात. ज्या पेशींना आपण ओढण्या-ढकलण्याचं हमाली काम दिलं होतं, त्यांच्याकडे सगळा नकाशा निघाला. चार वर्षांनी आणखी बारकावा आला. या कृमीत लांबीच्या दिशेने जाणारे स्नायूतंतू असतात आणि देहाला वेढणारे कड्यासारखेही. मायोडी हे जनुक बंद करून लांबीचे तंतू नाहीसे केले, तर जखमेवर नोटम चेतत नाही आणि पुनर्जनन सुरूच होत नाही. वेढणारे तंतू काढले, तर पुनर्जनन होतं पण मधली रेषा दुभंगते आणि शेजारी-शेजारी दोन डोकी येतात. पुढे-मागेची दिशा राखणारे तंतू तेच, जे त्या दिशेने धावतात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने यात भर घातली: जखमेची वर्दी याच लांबट स्नायूंतून ताशी साधारण एक मिलिमीटर वेगाने दूरच्या टोकापर्यंत जाते, आणि ती पोहोचली नाही तर जखमेपाशी अवयव नीट घडत नाही. डोकं कापलं तर शेपटीला कळावं लागतं.

इथे बरेच जण विचारतात, की मग नव्या डोक्यात जुन्या आठवणी असतात का. त्यावर प्रयोग झाले आहेत, वादही झाले आहेत. मला त्या प्रश्नात फारसा रस वाटत नाही. ज्याच्या स्नायूंना आपण कुठे आहोत हे ठाऊक आहे, त्याच्या मेंदूला काय आठवतं हा दुय्यम मुद्दा आहे.

सगळे चपटे कृमी असे भाग्यवान नसतात. युरोपातल्या गोड्या पाण्यात डेंड्रोसीलम लॅक्टियम नावाचा दुधाळ पांढरा कृमी राहतो. त्याला पुढच्या भागात कापलं तर डोकं परत येतं. मागच्या अर्ध्यात कापलं तर शेपटीचा तुकडा जखम भरून घेतो आणि तसाच राहतो. डोकं नाही, काही नाही. हा कमनशिबी भाऊ बरीच वर्षं ‘क्षमता नसलेला’ या सदरात मोडत होता. २०१३ मध्ये ड्रेस्डेनमधल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या योखेन रिंक यांच्या गटाने त्याच्या शेपटीच्या तुकड्यात बीटा-कॅटेनिन बंद केलं. फक्त एक जनुक. तुकड्याला डोकं आलं. डोळे आले, मेंदू आला, आणि ते डोकं कामाचं होतं. त्याच सुमारास जपानमधल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी अशाच आणखी दोन जातींवर हेच घडवून आणलं. लाखो वर्षांत त्या प्राण्याच्या पूर्वजांनी जे केलं नसेल, ते एका निरोपाचा जोर कमी करताच झालं. माल होता, कसब होतं. शेपटीकडचा निरोप इतका जोरात चालू होता की डोक्याला संधीच मिळत नव्हती.

हे वाचल्यावर मी माझ्या गुडघ्यावरच्या जुन्या वणाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं हे खरं. आपलं शरीर जखमेवर घाईने ठिगळ लावतं आणि प्रकरण मिटवतं. आपल्याकडेही विंट आहे, बीटा-कॅटेनिन आहे, एपीसी आहे, नोटमसुद्धा आहे. तेच शब्द, तीच बोली. मग आपल्यातही कुठेतरी नुसता एक खटका दाबायचा राहिला आहे का? उंदरांच्या नखाबाबत थोडंसं तसं दिसतं. उंदराच्या बोटाचं टोक, नखाचा पुरेसा भाग शिल्लक असेल तर, परत वाढतं. त्यामागे नखातल्या मूलपेशींमधला विंट निरोप आहे. २०१३च्याच एका संशोधनात, जिथून बोट एरवी परत येत नाही अशा जागी कापल्यावरही नखाच्या पेशींत बीटा-कॅटेनिन टिकवून धरलं आणि टोक पुन्हा वाढलं. लहान मुलांच्या बोटांची टोकंही अशी परत आल्याच्या नोंदी आहेत.

पण मी त्यापुढे फार स्वप्नं रंगवत नाही, आणि त्याचं कारण एपीसी. कृमीत हे जनुक बंद पडलं तर डोक्याच्या जागी शेपटी येते. माणसाच्या मोठ्या आतड्यात ते बिघडलं तर गाठी वाढतात. आतड्याच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य ठिकाणी हे जनुक बिघडलेलं आढळतं. तीच साखळी, तोच खटका. कृमीच्या देहात ‘वाढा’ या निरोपाला चहूबाजूंनी ‘कुठे आणि किती’ सांगणारे स्नायू असतात. आपल्याकडे तो नकाशा प्रौढपणी कितपत बोलका राहतो, हा कळीचा मुद्दा आहे. नुसतं वाढायला सांगणं ही सोपी गोष्ट आहे, आणि धोक्याची.

नकाशा आणि प्रत्यक्ष देह यांच्यात फट पडली तर काय होतं, यावर रेडियन यांच्या गटाने २०१८ मध्ये एक प्रयोग केला. तो मला या साऱ्या विषयातला सर्वांत प्रामाणिक प्रयोग वाटतो. कृमी कापला की स्नायूंतला नकाशा आधी सरकतो, अवयव मागाहून. मधल्या काळात डोळा एका जागी असतो आणि डोळ्याची ‘अधिकृत’ जागा दुसरीकडे. डोळा घडवणाऱ्या पेशी तशा डोक्याच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तयार होतात आणि प्रवास करत येतात. वाटेत आधीपासून असलेला डोळा भेटला, तर त्यातच मिसळतात. नाही भेटला, तर नकाशातल्या जागी जाऊन नवा डोळा मांडतात. ही फट साधून संशोधकांनी जादा डोळ्यांचे कृमी तयार केले, आणि ते डोळे टिकले. वाटेवर आहेत म्हणून त्यांना नव्या पेशी मिळत राहिल्या, चुकीच्या जागेवर असूनही.

मग त्यांनी ते डोळे एकेक करून काढले. नकाशातल्या जागेवरचा डोळा काढला की तो परत आला. नकाशाबाहेरचा काढला तर परत आला नाही. तोपर्यंत मात्र दोघांत बाहेरून काही फरक दिसत नव्हता. दोन्हींकडे नव्या पेशी तितक्याच निमूटपणे येत होत्या.